दारात उभा रक्तंभर

आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. घर दोन खोल्यांचं, भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या गल्लीतलं. माणसांनाच पाय पसरता येत नाहीत तिथे भुताला कुठे बसवायचं? भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली टीव्ही. कोणी दाराला लिंबू-मिरची बांधायला दिली तर मी लिंबाचं सरबत करते आणि मिरचीचा ठेचा वाटते. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते ऐकून गिरजाबाईचं डोकं फिरलं असं कोणी म्हणू नये. डोकं जागेवर आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते आधी सांगते, आणि जे पाहिलं नाही ते शेवटी सांगते, कारण अंगावर काटा त्याचाच येतो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रविवार होता. माझ्या नातीला, उन्नतीला, रक्त चढवायला न्यायचं होतं. तिला सिकलसेल आहे. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे आणि इथे छत्तीसगडात हा आजार पुष्कळ घरांत सापडतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मग हाडं दुखतात, डोळे पिवळे पडतात, पोर सुकत जातं. सगळ्यांनाच रक्त लागत नाही, पण उन्नतीला लागतं, तेही अगदी लहानपणापासून. त्यामुळे दवाखाना म्हणजे आमच्यासाठी बाजारहाट झाला होता. डबा भरायचा, पाण्याची बाटली घ्यायची, घरचा स्टीलचा ग्लास, पांघरायला चादर आणि चार्ज केलेला मोबाइल. मोबाइल विसरला तर निघूच नये.

त्या दिवशी मलाच जावं लागणार होतं. मुलगा अतुल रेल्वेत, त्याची भिलाई-३ ला ड्यूटी. सून आम्रपाली, तिची बी.एड.ची परीक्षा. राहता राहिला माझा नवरा. सगळा मोहल्ला त्यांना भय्याजी म्हणायचा. मी काय म्हणायचे ते जाऊ द्या. स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनवर जन्म काढलेला माणूस. भट्टीचं दार उघडलं की समोर उभं राहायला छाती लागते, ती त्यांच्याकडे होती. पण सुई दिसली की संपलं. उन्नतीसाठी रक्त द्यायला एकदा मोठ्या हिमतीने गेले, खुर्चीत बसले, खिशातला निळ्या चौकटींचा रुमाल काढून डोळ्यांवर घेतला, आणि सुई अजून पाकिटातच होती तोवर खुर्चीवरून खाली आले. रक्तपेढीतल्या भूपेंद्रने उलट त्यांनाच सलाइन लावलं. तेव्हापासून नातीला सुई टोचायचा दिवस आला की हे घरात डोळ्यांवर रुमाल घेऊन बसायचे. मोहल्ला हसायचा, मीही हसायचे. त्यांना मात्र ते फार लागलं होतं, कारण नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

आता त्या सिनेमाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. हिंदी कार्टूनचा सिनेमा. त्यात उजियारी नावाची मुलगी असते, पिवळा झगा घालून उडते आणि मुठीतून ऊन फेकते. तिचा दुश्मन म्हणजे रक्तंभर. उंच, बारीक, पांढराफटक, लांब सुळे, अंगात काळा कोट आणि कोटाला आतून लाल अस्तर. झोपलेल्या लोकांचं रक्त पिऊन तो जगतो. आरशात तो दिसत नाही, उन्हात उभा राहिला तर त्याची राख होते. आणि मुख्य म्हणजे, कोणी बोलावल्याशिवाय त्याला कुठलाही उंबरठा ओलांडता येत नाही. म्हणून तो दारात अदबीने वाकून विचारतो, "मैं अंदर आ सकता हूँ?" उजियारीची भोळी आजी म्हणते, "आओ बेटा," आणि मग पुढचा सगळा गोंधळ. उन्नतीने तो सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की त्या जागेवर ती मोबाइलवरच खेकसायची, "अरे बुढी, मत बोल ना."

आधी आम्हाला त्याची गंमत वाटली. मग एक दिवस ती जेवणाची थाळी तोंडासमोर धरून आपले दात पाहताना दिसली. अंगणात खेळायला जाईना. ऊन आहे म्हणाली. मी भाजी चिरत होते, तर जवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आजी, दुसऱ्याचं खून घेऊन कोन जगते?"

मी म्हटलं, डास.

ती हसली नाही. "रक्तंभर जगते," म्हणाली. "आन मी."

मी तिला उडवून लावलं. म्हटलं, जास्त शहाणपणा करू नको, वांगी सोल. वांगी काही सोलत नाहीत, पण मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. पोरीच्या मनात केवढं रुतून बसलं आहे ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या रविवारी वॉर्ड जवळजवळ रिकामा होता. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, एका टोकाला काचेचा चौकोन असलेलं दार, दुसऱ्या टोकाला मोठा कूलर. खिडकीतून आलेल्या उन्हाची फरशीवर दाराजवळच पट्टी पडली होती, इतकी पांढरी की तिच्याकडे बघवत नव्हतं. फिनेलचा वास, कूलरच्या ओल्या गवताचा वास. बाहेर कावळासुद्धा बोलत नव्हता. आमच्या सासूबाई म्हणायच्या, रात्रीला लोक उगाच नावं ठेवतात, खरी वाईट वेळ भरदुपारची. मी त्यांना तोंडावर हसायचे.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. आजच्या आज रक्त चढलं पाहिजे, उद्यावर टाकायचं काम नाही, हृदयावर ताण येतोय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात दुसरी अडचण अशी की इतक्या वर्षांत इतक्या जणांचं रक्त घेऊन उन्नतीचं अंग चोखंदळ झालं होतं. गट जुळला तरी कुठलंही रक्त तिला चालत नव्हतं. भूपेंद्रने सकाळपासून फ्रिजमधली एक न् एक पिशवी जुळवून पाहिली होती. एकही बसली नाही. रायपूरला फोन लावून ठेवले आहेत, असं म्हणून तो बिचारा खाली मान घालून गेला.

रक्त मिळेल तेव्हा मिळेल, निदान हाताला सुई तरी लावून ठेवू, म्हणून सिस्टर आली. आणि उन्नतीने हात चादरीखाली लपवले. एरवी ही पोर स्वतः मूठ आवळून द्यायची, यातली नस चांगली आहे असं सिस्टरला सांगायची. त्या दिवशी तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवत राहिली. समजावलं, रागावले, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. शेवटी सिस्टरने हात धरला, तशी ती तिच्या मनगटाला कडकडून चावली.

सिस्टर ओरडली नाही, चांगली बाई होती ती. पण मनगटावर दातांची रांग उमटली होती आणि त्यातल्या एका ठिकाणी रक्ताचा बारीक थेंब आला होता. उन्नती त्या थेंबाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "पाहिलं ना आजी? म्या सांगितलं होतं तुले."

सिस्टर मनगट धुवायला गेली. पोरीने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली की आता तिला कोणाचं खून नको, तिच्यामुळे कोणाचं कमी व्हायला नको. आठ वर्षांची पोर. तिच्या पाठीची हाडं झग्यातून मोजता येत होती. मी तिच्या पायांवर हात ठेवून बसले.

आणि लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. त्याच्या आवाजाची सवय झालेली असते, तो थांबला की कान दुखतात. टपटप करून गवतातलं उरलेलं पाणी खाली पडलं, मग तेही थांबलं. पाहता पाहता फिनेलचा वास मागे हटला आणि दुसराच वास आला, तापलेल्या लोखंडाचा. तो वास मी ओळखते. माझ्या नवऱ्याचे कपडे मी जन्मभर धुतले आहेत. प्लांटमधून आलेल्या माणसाच्या अंगाला जो वास असतो, तोच. पण प्लांटपासून दूर, बंद वॉर्डात, भरदुपारी तो कुठून यावा?

दार अर्धं उघडलं होतं. उघडताना आवाज झाला नव्हता.

"बाई... आत येऊ का?"

उंच माणूस होता. बारीक. अंगावर प्लांटचे कपडे, काखेत हेल्मेट, बुटांवर तांबडी धूळ. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. दाराच्या बाहेरच उभा होता, एकही पाऊल आत न टाकता.

आता माझं काय चुकलं ते ऐका. आमच्याकडे दारात माणूस आला आणि विचारू लागला तर विचार करायची पद्धतच नाही. तोंडातून आपोआप निघतं. माझ्या आईच्या तोंडून निघायचं, माझ्याही निघालं.

"या ना, बसा," मी म्हटलं, आणि हात ग्लासकडे गेला. "पानी घ्या."

चादरीखालून उन्नतीची बोटं माझ्या मनगटात रुतली. ती कानाशी कुजबुजली. "आजी... तू त्याले बोलावलं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दारात थांबून विचारणं. उंच, बारीक. आणि म्हातारीने भोळेपणाने दिलेला होकार. मी स्वतःला दटावलं, गिरजाबाई, तो सिनेमा आहे, कोणा पेशंटचा नातेवाईक असेल. आणि ग्लास काठोकाठ भरून पुढे केला.

तो भिंतीच्या कडेकडेने आला, ऊन टाळून, आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसला. ग्लास घेतला, ओठांना लावला, तहान भागल्यासारखा सुस्कारा सोडला आणि ग्लास खाली ठेवला. ग्लास काठोकाठ होता, मी दिला तेवढाच. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, कुठल्या गावचे? तो आमगावचा म्हणाला, आमच्याच पट्ट्यातला. एवढ्याने मला धीर यायला हवा होता. आला नाही. स्टुलाच्या बाजूने गारवा येत होता, आणि कूलर तर बंद होता.

उन्नती उठून बसली होती. घाबरली होती, पण माझ्यासारखी नाही. तिला नियम माहीत होते. ती म्हणाली, "अंकल, धूप में खड़े होके दिखाओ."

त्याने हसून कारण विचारलं. "कावून?"

"दिखाओ ना."

तो उठला. दाराजवळच्या त्या पांढऱ्या पट्टीत जाऊन उभा राहिला, चेहरा वर करून, डोळे मिटून, थंडीत माणूस उन्हाला उभा राहतो तसा. उन्नती श्वास धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती, राख होते का म्हणून. काही झालं नाही. कपाळावर ऊन पडलं, मिशीतले पांढरे केस चमकले. तिने सुटकेचा मोठा श्वास सोडला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हते. मी फरशी पाहत होते. तिने सिनेमातली परीक्षा घेतली. माझ्या डोक्यात सासूबाईंची होती, मेलेल्या माणसाची सावली पडत नाही ही. खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडली होती. सलाइनच्या स्टँडची पडली होती. मधे तो माणूस उभा होता, आणि त्या जागी पांढरं ऊन सलग पडलं होतं.

मला ओरडायचं होतं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की मला कळलं आहे. त्याने मान अगदी थोडी हलवली... पोरीला सांगू नका, अशी. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. थोडं अवघडलेपण होतं, दुसऱ्याच्या घरी जेवणाच्या वेळी पोचलेल्या माणसासारखं. मी गप्प बसले. भीती गेली नव्हती, पण पोरीला मागे ओढावं असंही वाटेना.

तो परत स्टुलावर बसला. उन्नतीने आता सरळच विचारलं, आपण स्वतः रक्तंभर आहोत का. आणि सगळं सांगितलं, दातांचं, सिस्टरच्या मनगटाचं, दुसऱ्याच्या खूनवर जगण्याचं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, "तो रक्तंभर लोकाले विचारून पिते का?"

"नाई. सोते समय पीता है. चुपचाप."

"मंग तो चोर झाला. तुले तं लोक देऊन राहिले, जागेपनी, आपल्या हातानं. देल्लेलं घेतलं तं चोरी कशी होईन?"

उन्नती विचारात पडली. "पर उनका कम हो जाता है."

"भरून येते," तो म्हणाला. त्याने दुमडलेला हात उलगडला. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा होता आणि बोळ्यावर लाल ठिपका. ताजा. "हे पाह्य. आत्ताच देऊन आलो. मेलो का मी?"

मी चादर मुठीत धरली. तो माझ्याकडे न बघता पुढे बोलत राहिला, हळू, दम लागल्यासारखा. "आन एक सांगतो. रक्ताले बी बिना बोलावल्यानं येता येत नाई. ते दारातच उभं राहते... पानी नाई, बसा नाई, कोनी विचारत नाई. तुही आजी दारात आलेल्याले काय म्हनते?"

"या, बसा."

"तेच म्हन."

त्याने खिशातून बिस्किटांचा एक पुडा काढून तिच्या उशीपाशी ठेवला आणि उठला. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "जातो मंग."

आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही. निघताना 'येतो' म्हणायचं, ही साधी रीत. जातो म्हणतात ते परत न येणारे. उन्नतीला घरात आम्ही यावरून कितीदा टोकलं होतं, तिने लगेच मास्तरीण होऊन त्याला टोकलं. "जातो नाई म्हनाचं अंकल. येतो म्हना."

एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

"येतो," तो म्हणाला.

लाइट आली, कूलर दणक्यात सुरू झाला आणि दार मिटलेलं होतं. मी उठून बाहेर पाहिलं. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला झोपलेला वॉचमन, बाकी कोणी नाही. तांबड्या धुळीची पावलं मात्र दारापर्यंत आलेली होती. परत गेलेली नव्हती.

थोड्याच वेळात भूपेंद्र जवळजवळ पळत आला. हातात पिशवी. जुळली, म्हणाला, पूर्ण जुळली. सकाळी त्याच कप्प्यात त्याने स्वतः पाहिलं होतं तेव्हा ही नव्हती. कोणीतरी नंतर ठेवली असेल, तो बोलत होता, पण बोलताना त्याचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. आज कोणी रक्त द्यायला आलं होतं का, मी विचारलं. रविवारी ती खोली बंद असते, म्हणाला, किल्ली तर माझ्याच खिशात आहे.

सिस्टर आली. उन्नतीने आधी तिची माफी मागितली, मग चादरीखालून हात काढला आणि मूठ आवळून दिली. सुई गेली. नळीतून लाल धार उतरत उतरत तिच्या मनगटाशी आली, तेव्हा ती पोर दारात आलेल्या पाहुण्याशी बोलतात तसं बोलली.

"या. बसा."

मला रडू आवरेना. सिस्टरला वाटलं, म्हातारी भावुक झाली. झाले होतेच.

भूपेंद्रची नजर उशीपाशी गेली. त्याने तो पुडा उचलला, उलटसुलट करून पाहिला. नारळाची बिस्किटं, हिरव्या कागदातली. "ये कहाँ से मिला, अम्मा?" त्याने विचारलं. रक्त देणाऱ्यांना पूर्वी हीच बिस्किटं द्यायचे, त्याने सांगितलं. ती बनवणारा कारखाना बंद पडून वर्ष होऊन गेलं, आता केळं देतात. मग जरा थांबून म्हणाला की एकच माणूस होता जो आपला पुडा कधी खात नसे, मुलांच्या वॉर्डात देऊन जाई. तेजराम, ब्लास्ट फर्नेसचा. नेमाने यायचा, शिफ्ट संपवून तसाच, धुळीच्या बुटांनी. आदल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. "बहुत बच्चे उसी के खून पे पले हैं," भूपेंद्र म्हणाला, आणि पुडा जपून परत जागेवर ठेवला. मी त्याला काही सांगितलं नाही. फक्त ग्लासातलं पाणी ओतायला गेले, तर तळाशी तांबडी धूळ बसली होती.

संध्याकाळी रिक्षातून घरी निघालो तेव्हा प्लांटच्या बाजूला स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतत होते आणि अर्धं आभाळ लाल झालं होतं. भिलाईत जन्मलेल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. उन्नती माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते पाहत होती. गालांवर रंग चढला होता. भूक लागली म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली.

घरी नवऱ्याला मी सगळं सांगितलं, फक्त त्यांनाच, सावलीसकट. मला वाटलं, हसतील. ते डोळ्यांवरचा रुमाल हातात चुरगाळत बसले. मग म्हणाले, "मेल्यावर बी देऊन राहिला तो मानूस. आन मले जितेपनी नाई जमलं." मी म्हटलं, असू द्या, तुम्ही तिला रोज फिरायला नेता ते काय कमी आहे? त्यांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

उन्नती त्यानंतर सुधारत गेली. नव्या गोळ्या सुरू झाल्या, त्या लागू पडल्या, आता रक्त क्वचित लागतं. शाळेत जाते, उन्हात खेळते, काळी होते. तो सिनेमा अजून पाहते, पण आता आजी दार उघडते तिथे खेकसत नाही. शेवटी उजियारी त्या रक्तंभराची राख करते, तो भाग तर पुढे ढकलून देते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्याले कोनी पानी नाई विचारलं आजी, म्हनून तो खून पीत होता." मला हे पटलं. पुष्कळ माणसांचं असंच असतं.

या हिवाळ्यात माझे मालक गेले. झोपेतच गेले, सुई टोचून घ्यायची वेळ आली नाही. बरं झालं. त्यांचा तो निळ्या चौकटींचा रुमाल मी त्यांच्याबरोबरच दिला, हातात गुंडाळून.

आणि परवाची गोष्ट. उन्नतीला घेऊन पुन्हा त्याच वॉर्डात गेलो होतो. बाजूच्या खाटेवर टीना नावाची छोटी होती, पाचेक वर्षांची, पहिल्यांदाच रक्त चढवायला आलेली, रडून रडून लाल झालेली. तिला जुळेल असं रक्तही मिळत नव्हतं. आई खाली धावपळ करत होती. उन्नती तिच्या खाटेवर जाऊन बसली आणि मोबाइलवर सिनेमा दाखवू लागली. दुपार होती. दाराजवळ उन्हाची तीच पट्टी.

टीना रडायची थांबली. दाराकडे पाहू लागली. दारात कोणी नव्हतं. मी नीट पाहिलं, कोणी नव्हतं.

"दादी," टीना मला म्हणाली, "बाहर दो अंकल खड़े हैं. पूछ रहे हैं, अंदर आएँ क्या?"

दोन. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. एकाची मी वाटच पाहत होते म्हणा ना, पण दोन? उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं की बाळा, कसे आहेत ते?

"एक लंबे वाले हैं," टीना म्हणाली. मग मान वाकडी करून नीट पाहिलं. "दूसरे वाले डर रहे हैं शायद... लंबे वाले उनका हाथ पकड़ के ला रहे हैं." आणि तिला हसूच आलं. "दादी, उन्होंने आँखों पर रुमाल क्यों रखा है?"

मी उठले, घरचा ग्लास धुतला, बाटलीतलं पाणी भरलं. मग दुसरा ग्लास नव्हता म्हणून डब्याचं झाकण घेतलं आणि तेही भरलं.

"या," मी त्या रिकाम्या दाराला म्हटलं. "दोघंही या. बसा."